रेघ खरी की खोटी

चित्रकलेच्या वर्गात प्रवेश घ्यायला आलेल्या मुलाबद्दल पालक हमखास एक वाक्य बोलतात: "त्याच्या हातात कला आहे हो." शिक्षक तेच थोडे फिरवून म्हणतात: "हात चांगला आहे, अजून बसायला हवा." एकाने श्रेय देवाला दिले, दुसऱ्याने सरावाला, पण दोघांनीही रेखांकन नेऊन ठेवले ते हातातच. या दोघांना कंटाळलेला तिसरा पक्ष अलीकडे जोरात आहे. त्याचे म्हणणे असे की मुलांना काही शिकवूच नका, मोकळे सोडा. शिकवले की सर्जनशीलता मरते.

तिन्ही मते मला उथळ वाटतात, आणि तिन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. रेखांकन आतून हातावाटे बाहेर पडते असे एकदा धरले की त्याला घासायचे किंवा वाहू द्यायचे, एवढेच शिक्षकाकडे उरते. माझे म्हणणे वेगळे आहे. समोरची वस्तू पाहून ओढलेली प्रत्येक रेघ हे त्या वस्तूबद्दल केलेले विधान असते. ते खरे असते किंवा खोटे असते, आणि वस्तूशी ताडून पाहता येते. शिक्षकाला शिकवता येते ते हे ताडून पाहणे. शैली, नजाकत, प्रतिभा या गोष्टी शिकवता येत नाहीत, आणि त्या शिकवण्याच्या खटपटीत आपले निम्मे वर्ग वाया जातात.

हे मी माळव्यातल्या, म्हणजे धार, देवास आणि इंदूरच्या आधाराने मांडणार आहे. पवार-होळकरांच्या या मुलखात मराठी चित्रकार-शिल्पकारांनी कला शिकण्या-शिकवण्याच्या इतक्या वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या, की वादासाठी पॅरिसला जायची फारशी गरज पडत नाही.

१. तयार हात म्हणजे रेखांकन नव्हे

धार जिल्ह्यात बाघ गावचे खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. तुरटीच्या लाल आणि लोखंडाच्या गंजाच्या काळ्या रंगात ठसा बुडतो, कापडावर टेकतो, वरून मुठीचा ठोका बसतो आणि पुढचा ठसा मागच्याला केसाइतकीही फट न ठेवता भिडतो. यापेक्षा तयार हात कोणत्या कलामहाविद्यालयात सापडेल? तरीही छापताना तो कारागीर रेखांकन करत नसतो. वेल कुठे वळणार, पाकळी किती रुंद, दोन फुलांत जागा किती, हे सगळे निर्णय ठसा कोरण्यापूर्वीच कोणीतरी घेतलेले असतात. कारागिराला कमी लेखण्याचा इथे प्रश्नच नाही. हाताची अचूकता आणि रेखांकन या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढेच यातून दिसते.

आपले विद्यार्थी उलट दिशेने याच जागी येतात. मोबाईलवरच्या व्हिडिओतून एक डोळा, एक ओठ, एक गुलाब ते शेकडो वेळा गिरवतात. त्या डोळ्यात चमक असते, पापण्या रेखीव असतात, आणि समोर बसलेल्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. हात बसलेला असतो. पाहणे अजून सुरूच झालेले नसते.

२. आड येते ती माहिती

मग पाहण्यात अडचण काय? सगळ्यांना दिसतेच की. इथे एका साध्या वस्तूपाशी थांबू या.

स्टुलावर पितळी तांब्या ठेवा आणि पंचवीस मुलांना तो काढायला सांगा. त्यांची नजर तांब्याच्या तोंडाच्या जरा वर आहे. बहुतेकांच्या कागदावर तोंड जवळजवळ पूर्ण गोल येईल आणि बूड सरळ आडव्या रेघेने कापलेले असेल. तोंडाच्या लंबगोलाची दोन्ही टोके डाव्या-उजव्या बाजूंना अणकुचीदार होतील, जणू तिथे पितळ दुमडले आहे. ही चूक हाताची नाही. सरळ रेघ काढायला जेवढे कसब लागते तेवढेच हलकी वक्र रेघ काढायला लागते. चूक माहितीची आहे. तोंड गोल असते हे मुलाला ठाऊक आहे, म्हणून त्याने ते गोल काढले. तांब्या सपाट स्टुलावर डगमगत नाही हे ठाऊक आहे, म्हणून बूड सपाट केले. त्याने तांब्या काढलाच नाही. तांब्याबद्दल त्याला जे माहीत होते ते लिहून दिले.

प्रत्यक्षात नजरेच्या पातळीला जवळ असलेला लंबगोल चपटा दिसतो, आणि पातळीपासून जितके खाली जावे तितका तो उघडत जातो. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलावलेली दिसायला हवी, मुलांनी काढले त्याच्या नेमकी उलट.

इथे शिक्षक काय करतो, यावर सगळे अवलंबून आहे. नव्वद टक्के वेळा तो मुलाच्या हातातून पेन्सिल घेतो आणि दोन झटक्यांत तोंड बरोबर करून देतो. वर्ग अचंब्याने पाहतो. मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे सरांचा हात चांगला आहे. दुसरी रीत वेळखाऊ आहे. पेन्सिल हात ताठ करून समोर धर, एक डोळा मिट, तोंडाची आडवी रुंदी मोज, मग उभी उंची त्या रुंदीत किती वेळा बसते ते सांग. मूल मोजते आणि म्हणते, साडेतीन वेळा. आता तुझ्या कागदावर मोज. दीड वेळा. यानंतर शिक्षकाला बोलावे लागत नाही. रेघ खोटी ठरली, ती कोणाच्या आवडीने नव्हे तर तांब्याने ठरवली, आणि हे मुलाने स्वतः शोधून काढले.

३. रेघेला दाखला

धार जिल्ह्यातल्या राजगडजवळच्या मोहनखेड्याचे जैन तीर्थ ज्या आचार्य राजेंद्रसूरींच्या नावाशी जोडलेले आहे, त्यांचा 'अभिधान राजेंद्र' हा प्राकृत शब्दांचा सात खंडांचा कोश त्यांच्या निधनानंतर छापून निघाला. 1906 मध्ये राजगडलाच त्यांचा देह पडला. त्या कोशात शब्दाचा नुसता अर्थ देऊन भागवलेले नाही. तो कोणत्या आगमात, कोणत्या संदर्भात आला आहे याचे आधार दिलेले आहेत. चित्रकलेच्या शिक्षकाने तिथे मुलांना घेऊन गेल्यावर मंदिर दाखवण्याआधी हे सांगावे, असे मला गमतीने नव्हे, गंभीरपणे वाटते.

कारण त्याच मंदिरापुढे बसून मुले जी रेघ ओढतात, तिला अनेकदा दाखला नसतो. दुपारचे ऊन, पांढरा दगड, मागे तापून फिकट झालेले आकाश. उन्हाच्या बाजूला शिखराची कड आकाशात जवळजवळ विरून गेलेली असते, पण मुले तिथेच सर्वांत जाड, काळी, अखंड रेघ ओढून शिखराला कुंपण घालतात. तिथे रेघ नाही. आहे ती छज्ज्याखालच्या सावलीत, दाराच्या अंधारात, दोन शिखरांच्या मधल्या आकाशाच्या तुकड्यात.

हा मधला तुकडा फार कामाचा. शिखराचा आकार मुलाला 'माहीत' असतो, पण दोन शिखरांमधल्या रिकाम्या जागेच्या आकाराबद्दल कोणालाच काही माहीत नसते, त्यामुळे तो पाहूनच काढावा लागतो. लंब धरणे, प्रमाण मोजणे आणि मोकळ्या जागेवरून वस्तू पडताळणे या तीन कसोट्या कोणत्याही मुलाला काही आठवड्यांत देता येतात. त्या आल्या की ते शिक्षकाशिवाय आपले चित्र तपासू शकते. शिकवण्याचा उद्देश याहून मोठा असायची गरज नाही.

४. एका वर्गातले चौघे

अशी शिस्त लावली तर सगळी मुले एकसारखी चित्रे काढतील, ही भीती कायम बोलून दाखवली जाते. तिला उत्तर इंदूरने दिलेले आहे.

दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 मध्ये इंदुरात कलाशाळा सुरू केली. परीक्षा मुंबईच्या, अभ्यासक्रम मुंबईचा, म्हणजे वस्तुचित्र, व्यक्तिचित्र, निसर्गचित्र यांची नेहमीची चाकोरी. पण देवळालीकर मुलांना बाहेर काढत, माळव्याच्या उजेडात बसवत. त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, 1933 ची मुंबईची पदविका, पुढे 1950 पासून बडोद्याच्या नव्या कलाशाखेत चित्रकलेचे अध्यापन, आणि तिथे ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखी मुले. त्यांच्याच हाताखाली महेश्वरचे देवकृष्ण जटाशंकर जोशी शिकले, ज्यांनी नर्मदेचे घाट आणि माळव्याची माणसे रंगवली. मकबूल फिदा हुसेन काही काळ तिथे होते. आणि देवास संस्थानातल्या आलोटला 1917 मध्ये जन्मलेले विष्णू चिंचाळकर, ज्यांना सगळा माळवा गुरुजी म्हणत असे, तेही तिथलेच.

या चौघांची चित्रे एका भिंतीवर लावा. कोणी म्हणणार नाही की हे एका गुरूचे शिष्य आहेत. शिस्तीने एकसारखेपणा येत असता तर तो इथे दिसला असता. एकसारखेपणा येतो तो शिक्षक आपली रेघ मुलाच्या कागदावर ओढतो तेव्हा, आपला ब्रशचा फटकारा वाटून देतो तेव्हा. पडताळणी शिकवली की उरलेले सगळे विद्यार्थ्याचे स्वतःचे असते. नव्हे, त्याला दुसरा इलाजच नसतो.

५. नकलेचा मान, आणि तिची मर्यादा

माझ्या मतामुळे एक जुनी सवय अडचणीत येते: नक्कल. मुंबईच्या जे. जे. स्कूलची स्थापना 1857 ची. तिथे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून आलेली पायरी-पायरीची पद्धत रुजली: आधी छापील नमुने उतरवा, मग प्लास्टरचे साचे, मग वस्तू, मग माणूस. गंमत अशी की त्याच 1857 मध्ये जॉन रस्किनचे रेखांकनावरचे पुस्तक लंडनला निघाले आणि त्याचा सगळा भर या पद्धतीच्या उलट, निसर्गात जाऊन एक दगड, एक पान नीट पाहण्यावर होता. आपल्याकडे पायऱ्या आल्या, पान राहून गेले.

तरी नक्कल सरसकट वाईट नाही. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेतली. 1921 मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने आपल्या हद्दीतल्या बाघ लेण्यांसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, असित हलदार, सुरेंद्रनाथ कर यांना बोलावले. त्यांच्या जोडीला भांड, जगताप, आपटे, भोसले हे मराठी चित्रकार होते. त्या प्रती ग्वाल्हेरच्या गुजरी महालात आहेत. मूळ चित्रे मात्र ओलीने आणि धुराने इतकी खालावली की 1982 पासून ती भिंतीवरून उतरवून संग्रहालयात ठेवण्याची वेळ आली.

बाघच्या भिंतीपुढे बसलेल्या नकलाकाराची कल्पना करा. नाचणाऱ्या स्त्रियांचे रिंगण आहे, पण एकीचा खांदा गिलाव्यासह गळून गेला आहे. आता काय करायचे? खांदा आपल्या मनाने पुरा करायचा, की भगदाड जसेच्या तसे काढायचे? पुरा केला तर प्रत देखणी होईल आणि खोटी होईल. भगदाड काढले तर त्याच्या काठावर दंडाची जी दोन बोटे रेघ उरली आहे, तिच्यावरून हात वर गेला होता की पुढे, हे पाहणाऱ्याला ठरवता येईल. या प्रश्नाशी झगडत केलेली नक्कल म्हणजे वाचन आहे. प्रत्येक रेघेपाशी चित्रकाराने काय ठरवले होते हे तिथे विचारावे लागते. गुळगुळीत छापील पानावरून गिरवताना असा प्रश्नच उभा राहत नाही. मी विद्यार्थ्यांना नक्कल करायला देईन, पण फुटकी, पुसट, अर्धवट गोष्ट देईन.

६. स्मरणचित्राची विटंबना

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी लाखो मुलांच्या हातात पेन्सिल दिली, हे ऋण मोठे आहे. पण त्यातल्या स्मरणचित्राचे काय झाले पाहा. भाजीबाजार, बसथांबा, गणपतीची मिरवणूक. मुले आधीच चार माणसे पाठ करतात: एक टोपलीवाली, एक पिशवीवाला, एक पाठमोरा, एक लहान मूल. विषय कोणताही येवो, हीच मंडळी रांगेने उभी राहतात. यात स्मरण आहे ते क्लासच्या वहीचे. बाजाराला कोणी गेलेलेच नसते.

फ्रान्समध्ये लेकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने 1840 च्या दशकात स्मरणाची वेगळी तालीम दिली. मुलांनी संग्रहालयात जाऊन एखादे चित्र डोळ्यांत साठवायचे आणि परत येऊन ते काढायचे. रोदाँ आणि फान्तँ-लातूर त्याच्याकडे शिकले. या तालमीचे मर्म परत जाऊन ताडण्यात आहे. आठवणीतून काढले की आपण नेमके काय पाहिलेच नव्हते ते उघडे पडते, आणि दुसऱ्यांदा पाहताना नजर थेट तिथेच जाते. स्मरणचित्र हे पाहण्याचे लेखापरीक्षण आहे. आपण त्याचे पाठांतर केले.

आक्षेप, आणि त्यांना उत्तरे

पहिला आक्षेप: मोठे कलावंत शाळेतून घडतच नाहीत. धारचेच उदाहरण दिले जाईल. वसईत जन्मलेले रघुनाथ कृष्ण फडके कोणत्याही कलाशाळेत न शिकता शिल्पकार झाले, गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांनी घडवला, मग धार संस्थानाच्या कामासाठी आले आणि 1972 मध्ये देह ठेवेपर्यंत धारचेच राहिले. फडके स्टुडिओ आजही तिथे आहे. उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. व्यक्तिशिल्प हे सर्व बाजूंनी तपासले जाणारे विधान आहे. समोरून नाक जमले आणि बाजूने पाहिल्यावर फसले, तर ते पाहणाऱ्याला पहिल्या फेरीतच कळते. फडक्यांना शाळा नव्हती, पण तपासणी होती, आणि मातीसारखी कडक तपासणी कागदावर होत नाही. ज्यांना ती स्वतःहून सुचते त्यांना शिक्षक लागत नाही. शिक्षक बाकीच्यांसाठी असतो, आणि बाकीचे फार असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चिंचाळकर गुरुजींनी पुढे जे केले, वाळलेली पाने, सालपटे, फुटक्या वस्तू, चिंध्या उचलून त्यांत माणसे आणि पक्षी दाखवले, त्यात समोरची वस्तू पाहून काढणे कुठे आहे? ती तर मुक्त कल्पनाच. मला वाटते, मोकळे सोडा म्हणणाऱ्यांनी गुरुजींना फार स्वस्तात आपल्या बाजूला ओढले आहे. ते आधी कसलेले व्यक्तिचित्रकार होते. वाळकी काडी पक्षी वाटते ती केवळ त्यांनी म्हटले म्हणून नव्हे. मानेचा कल, धडाचे वजन कुठे पडते, पाय कुठल्या कोनात टेकतो, हे त्या काडीत खरोखर जुळते म्हणून वाटते. दहा काड्यांतली नऊ त्यांनी टाकून दिलेली असणार. निवडणे हीसुद्धा पडताळणीच आहे, किंबहुना रेघ न ओढता केलेली सर्वांत अवघड पडताळणी. ज्या मुलाने पक्षी नीट पाहिलेला नाही त्याला काडीत पक्षी दिसणार नाही, कितीही मोकळे सोडा.

तिसरा: छायाचित्र आणि आता यंत्राने बनवलेली चित्रे असताना हा आटापिटा कशाला? थोडक्यात सांगतो. फोटोवरून काढणाऱ्याला एका भिंगाने एका क्षणी घेतलेले निर्णय आयते मिळतात. चित्र बरोबर येते, पण ते निर्णय कोणीतरी आधीच घेतलेले असल्यामुळे विद्यार्थ्याला घ्यायला काहीच उरत नाही. छायाचित्रावर माझा राग नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याला बंदी असावी, इतकेच.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला मान्य आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाजवळ उभे राहून मोजायला लावणे अशक्य आहे. खरे आहे. म्हणून तर मुलांनी एकमेकांची चित्रे तपासावीत. विधान म्हटले की ते कोणालाही तपासता येते. सरांची आवड मात्र फक्त सरांनाच ठाऊक असते.

वर्गात काय बदलावे

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कागदाला पेन्सिल लावू नये. दाखवायचेच असेल तर शेजारी वेगळा कागद घ्यावा. पहिले सहा महिने खोडरबर वर्गाबाहेर राहावा. चुकलेली रेघ कागदावर दिसू द्यावी आणि तिच्याशेजारी दुरुस्त रेघ यावी, म्हणजे मुलाने काय तपासले ते वाचता येते. गुण तयार चित्राला कमी आणि या दुरुस्त्यांना जास्त असावेत. चकचकीत छायाभेदाला पहिल्या वर्षी एकही गुण नसावा. चुकीच्या आकारावरची गुळगुळीत सावली ही बहुतेक वेळा लपवाछपवीच असते.

आणि परीक्षा घेणाऱ्यांना एक विनंती. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीवर दहावीला सात, ब वर पाच, क वर तीन वाढीव गुण मिळतात, तेव्हा या परीक्षेत जे विचारले जाईल तेच गावोगावच्या वर्गांत शिकवले जाणार, हे उघड आहे. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार आणि मिरवणूक बंद करा. एखादी साधी, पण मुलांनी पाठ केलेली नसेल अशी वस्तू दहा मिनिटे सगळ्यांपुढे ठेवा, मग झाकून टाका आणि काढायला सांगा. याला नवे सामान लागत नाही की नवा निधी. पुढच्या परीक्षेला निदान एका जिल्ह्यात हे करून पाहा.